पोर्तुगीज गोव्यातली खूनकथा: आधी साल ठरवा, मग प्रेत

डिचोलीच्या एका नव्या लेखकाने विचारलं आहे: "1890 च्या सुमाराच्या गोव्यात घडणारी खुनाची कादंबरी लिहितो आहे. बार्देशातला एक भाटकार (जमीनदार) मोठ्या मुलाला मृत्युपत्रातून बेदखल करतो आणि काही दिवसांत भाटकाराचंच प्रेत खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) सापडतं. पणजीहून इन्स्पेक्टर येतो, तपास करतो, शेवटी खुनी फासावर जातो. निम्मी कादंबरी लिहून झाली, पण वाचणारे म्हणतात की यात गोवा दिसत नाही. वर्णनं वाढवू का? इतिहास किती आणू?"

वर्णनं वाढवू नका. माड, पांढरी चर्चं, फेणीचा वास हे सगळं तुमच्या मसुद्यात असणारच. अडचण सांगाड्यात आहे. मृत्युपत्राने बेदखल झालेला मुलगा, बाहेरून येणारा इन्स्पेक्टर आणि शेवटी फाशी, हे तिन्ही खांब तुम्ही ब्रिटिश मुलखातून आणले आहेत. मुंबईत, पुण्यात, बेळगावात ते उभे राहतात. 1890 च्या गोव्यात तिन्ही कोसळतात. तुमचं कथानक उचलून रत्नागिरीत नेलं तर गावांची नावं सोडून काही बदलावं लागणार नाही, आणि वाचणाऱ्यांना नेमकं हेच खटकलं आहे.

ऐतिहासिक खूनकथांची हस्तलिखितं वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट मी हट्टाने सांगत आलो आहे: खून असा रचा की तो त्या सालाबाहेर आणि त्या मुलखाबाहेर घडूच शकणार नाही. "सुमारास 1890" हे साल झालं नाही. महिना सांगा, जमल्यास तिथीसुद्धा. ती ठरली की शिक्षा कोणती, तपास कोण करणार, विष सापडणार की नाही, होडी कुठे लागणार, ही सगळी उत्तरं आपोआप मिळू लागतात. तुमची बरीचशी कल्पकता त्या उत्तरांच्या फटींत वापरायची असते.

फाशीचं आधी बघू. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची देहदंडाची शिक्षा 1867 मध्ये रद्द केली आणि 1870 मध्ये तो निर्णय वसाहतींनाही लागू झाला. म्हणजे तुमच्या काळात गोव्यातला न्यायाधीश खुन्याला तुरुंगात टाकू शकतो, समुद्रापार हद्दपार करू शकतो, मोझांबिकला किंवा तिमोरला धाडू शकतो. फासावर देऊ शकत नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे मात्र सावंतवाडी संस्थान, त्याच्यावर ब्रिटिशांची देखरेख, आणि शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्यांत 1860 ची दंडसंहिता. तिथे खुनाला फाशी आहे.

यातून काय निघतं पाहा. एकच माणूस, एकच सुरा, पण प्रेत नदीच्या या काठाला पडलं तर खुनी जिवंत राहतो आणि त्या काठाला पडलं तर त्याच्या गळ्यात दोर येतो. थंड डोक्याचा खुनी हे आधी मोजून ठेवील. पलीकडून पेडण्यात प्रेत ओढत आणण्यापेक्षा जिवंत माणसाला अलीकडे बोलावून घेणं सोपं असतं. मग तपासातला खरा प्रश्न "सुरा कोणाचा" हा उरत नाही. "भेटीची जागा कोणी ठरवली" हा होतो. तीन अंमल एका दिवसाच्या चालीत असलेला असा मुलूख मराठी वाचकाच्या इतक्या जवळ दुसरा नाही, आणि आपल्या लेखकांनी तो फारच थोडा वापरला आहे. शेवटच्या प्रकरणातली फाशी काढल्याने कादंबरीचा शेवट लुळा पडेल असं तुम्हाला वाटत असेल. उलट होईल. खुनी परत येऊ शकतो, ही भीती साक्षीदारांच्या तोंडाला कुलूप घालते. गावात त्याचे भाऊ आहेत, भाटं आहेत, कुळं आहेत. फाशी गेलेल्या माणसाविरुद्ध बोलणं वेगळं आणि तिमोरहून कधीतरी परतणाऱ्या माणसाविरुद्ध बोलणं वेगळं.

आता मृत्युपत्र. इथे जरा सावकाश जाऊ, कारण हेतू हा खूनकथेचा कणा असतो. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. तिच्यानुसार बाप मुलांना वाटेल तसं बेदखल करू शकत नाही. मुलांसाठी मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग राखीव असे (तो अर्ध्यावर आला 1910 मध्ये), आणि कायद्याने नमूद केलेल्या मोजक्या कारणांशिवाय तो कोणालाही हिरावून घेता येत नसे. त्यात नवराबायकोची मालमत्ता सामायिक धरली जात असेल, आणि ख्रिस्ती घरांत तसा करार नसला तर ती तशीच धरली जाई, तर निम्मी आधीच बायकोची. म्हणजे तुमचा भाटकार मन मानेल तसा देऊ शकतो तो आपल्या निम्म्याचा फक्त तिसरा हिस्सा. एवढ्यासाठी मोठा मुलगा बापाला मारणार नाही. गोव्याचा वाचक, ज्याच्या घरात आजही वाटणीच्या वेळी हा कायदा बोलला जातो, तो पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटील.

पण हाच कायदा तुम्हाला ब्रिटिश मुलखात न मिळणारा हेतू देतो. माणूस मेला की वारसांत वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी, होते. सगळे वारस सज्ञान असतील तर ते आपसांत मिटवू शकतात. एक जरी अज्ञान असला तरी न्यायालयाला लक्ष घालावंच लागतं, आणि मग प्रत्येक भाट, प्रत्येक कर्जरोखा, प्रत्येक दागिना कागदावर चढतो. सज्ञान होण्याचं वय होतं 21. समजा भाटकाराची धाकटी मुलगी वीस वर्षांची आहे आणि वर्षभराने तिला एकविसावं पुरं होणार आहे. मोठ्या मुलाने बापाच्या नकळत भाटं गहाण टाकली आहेत. त्याला बाप मरायला हवाच असेल, पण आत्ता नव्हे! आत्ता मेला तर सगळं न्यायालयासमोर उघडं पडणार. ज्याच्यावर गावाचा संशय, त्याचंच या वेळी सगळ्यांत मोठं नुकसान. मग हा मृत्यू कोणाला आत्ताच हवा होता? इन्व्हेंटरी कोणाला उघडायला हवी होती? जावयाला? रोखा धरून बसलेल्या सावकाराला? बापाने परस्पर विकलेल्या शेताच्या भागीदाराला? एका जन्मतारखेवर तुमचं सबंध कोडं उभं राहतं.

भाटकार हिंदू असेल तर मामला बदलतो. हिंदूंच्या रूढींसाठी 1880 ची स्वतंत्र संहिता आहे. एकत्र कुटुंब, दत्तक, लग्न यांतल्या काही चाली तिने राखल्या. तिच्यातली एक तरतूद कोणत्याही कादंबरीकाराला झोप येऊ देणार नाही अशी आहे. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशी ओलांडूनही मुलगा झाला नाही, तर काही अटींवर आणि तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरं लग्न करता येई. संमती! ती कशी मिळवली जात असेल, कोणासमोर, कोणत्या दडपणाखाली? आणि जिने संमती दिली नाही तिचं पुढे काय झालं? हा हेतू कोणत्याही सुऱ्यापेक्षा धारदार आहे. तुम्ही बार्देशातलंच घर ठेवणार असाल तर ते ख्रिस्ती की हिंदू हे नुसत्या आडनावाने ठरवू नका. कायदा, वारसा, अंत्यविधी, सगळं त्यावर अवलंबून आहे.

इन्स्पेक्टरचं लवकर सांगतो. तुमच्या मनातला खाकीतला, पुडीतली तंबाखू मळत प्रश्न विचारणारा इन्स्पेक्टर 1861 च्या ब्रिटिश पोलीस कायद्यातून आला आहे. गोव्यात पोलीस दल होतं ते लष्करी धाटणीचं, बंदोबस्ताचं. खुनाचा तपास न्यायालयाच्या कागदावर चालायचा: गावचा सरकारी अंमलदार रेजिदोर खबर देणार, तालुक्याचा प्रशासक आदमिनिस्त्रादोर हलणार, आणि मग न्यायाधीशाच्या देखरेखीखाली जागेची पाहणी, तज्ज्ञांकडून प्रेताची तपासणी आणि साक्षी नोंदवल्या जाणार. त्या सगळ्या दस्तऐवजावर पुढचा खटला उभा राहतो. न्यायाधीश पोर्तुगालचा असेल तर त्याला कोकणी येत नाही. साक्षीदार कोकणीत बोलतो, दुभाषा ते पोर्तुगीजमध्ये सांगतो, लेखनिक तिसऱ्या पुरुषात लिहून घेतो, साक्षीदार अंगठा किंवा खूण करून मोकळा होतो. आपण काय सांगितलं म्हणून लिहिलं गेलं, हे त्याला कधीच कळत नाही. या साखळीतला एक माणूस विकला गेला तर? एवढंही नको; त्यातला एक माणूस भाटकाराच्या जमिनीवर राहून त्याचं मुंडकारपण करणाऱ्या घरातला असला तर?

म्हणून तुमचा शोधक या साखळीतूनच काढा. मला विचाराल तर पेडण्याचा एक हिंदू तरुण घ्या, मोडी उत्तम वाचणारा. म्हापशाच्या व्यापाऱ्यांच्या वह्या मोडीत, मराठीत. पोर्तुगीज न्यायाधीशाला त्यातलं अक्षर लागत नाही, तेव्हा याला बोलावणं येतं. वरच्या सरकारी जागा हिंदूंना 1910 च्या प्रजासत्ताकापर्यंत जवळपास बंदच होत्या, त्यामुळे हा मुलगा कायम दाराबाहेरच्या बाकावर. त्याला कसलाच अधिकार नाही. तो कोणाला अटक करू शकत नाही, बोलावू शकत नाही. फक्त वाचू शकतो. पण सावकाराच्या वहीत कोणत्या तिथीला कोणाच्या नावे किती रक्कम पडली हे सबंध न्यायालयात एकट्या त्याला ठाऊक आहे. अधिकार नसलेला शोधक लिहायला अवघड असतो, म्हणूनच तो वाचायला चांगला असतो. त्याच्या जोडीला पणजीच्या वैद्यकीय शाळेतून शिकलेला एखादा डॉक्टर द्या. ही शाळा 1842 पासूनची. तिथले पदवीधर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतही नोकरीला जात. तापाचे, पटकीचे, जखमांचे शेकडो रुग्ण पाहिलेला तरुण ख्रिस्ती डॉक्टर आणि मोडी वाचणारा पेडणेकर, यांची एकमेकांशी वागण्याची रीतसुद्धा त्या काळाबद्दल बरंच सांगून जाईल: पहिले काही दिवस दोघांत कोणी कोणाच्या घरचं पाणी पिणार नाही.

सालाचं म्हणाल तर 1890 ते 1892 हा तुकडा तुम्ही नकळत फार चांगला निवडला आहे. जानेवारी 1890 मध्ये ब्रिटिशांनी आफ्रिकेतल्या प्रदेशावरून पोर्तुगालला निर्वाणीचा इशारा दिला आणि पोर्तुगीज अभिमान दुखावला गेला. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला मडगावात निवडणुकीच्या वादातून गोळीबार होऊन माणसं मेली. डिसेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनासाठी खुलं झालं, म्हणजे मुंबईपासून सगळीकडचे लोक आले आणि अनोळखी चेहऱ्याकडे कोणी वळून बघेना. आणि या सगळ्याच्या पाठीमागे मीठ.

मिठाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. 1878 साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. तो 1880 पासून अमलात आला. त्याने दोन्ही मुलखांतली जकातीची सीमा उठली, मोरमुगावचं बंदर आणि घाटावर जाणारी रेल्वे यांचा मार्ग मोकळा झाला (ती 1888 पर्यंत कॅसलरॉकला जोडली गेली), आणि त्या बदल्यात गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिश अधिकाऱ्यांचा ताबा आला. पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये भरपाई. मिठागरवाल्याला मात्र काय? लहान मिठागरं बंद पडली, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या आगरावर गेल्या ते चोर ठरले. माडाच्या सुरेवरही कर चढला, माडाची सूर काढणारा रेंदेर नाडला गेला. आणि जानेवारी 1892 मध्ये तो करार संपला, जकातनाकी परत बसली.

म्हणजे तुमच्या कादंबरीच्या काळात पोर्तुगीज गोव्यात ब्रिटिश मीठखात्याची माणसं फिरत आहेत. तुम्हाला ब्रिटिश अधिकारी हवाच असेल तर तो असा आणा. त्याला खुनाच्या तपासाचा काडीचा अधिकार नाही, पण आगरात रात्री कोण फिरतं याची टिपणं त्याच्याकडे आहेत, आणि ती मागायला पोर्तुगीज न्यायाधीशाचा अभिमान आड येतो. तुमचं कथानक मी नोव्हेंबर 1891 मध्ये सुरू केलं असतं. पाऊस संपला आहे, आगरांची डागडुजी चालू झाली आहे, करार दोन महिन्यांत संपणार हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्याकडे बंद पडलेलं आगर आहे त्याला ते जानेवारीनंतर सोन्याचं वाटणार आहे, आणि ज्याला हे आधी कळलं त्याने ते कवडीमोलाने विकत घेतलं आहे. भाटकार कशासाठी मेला असेल, तुम्हीच पाहा.

प्रेत खाजनात सापडतं असं तुम्ही म्हटलं आहे. मग मानस वापराच. खाजनाच्या बांधाला लाकडी झडपांची मानस असते. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क गावकारी (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणारी संस्था) पावणीला, म्हणजे लिलावाला, लावते, त्यामुळे तिथे रात्री जाळं लावणारा माणूस ठरलेला. प्रेत झडपेच्या आतल्या बाजूला जाळ्यात अडकलेलं सापडलं तर ते नदीतून आलेलं नाही, कारण नदी चढत होती तेव्हा झडपा बंद होत्या. ते आतून, शेताच्या बाजूने आलं. म्हणजे गावातल्याच पायवाटेने कोणीतरी ते आणलं. "नदीत पडून वाहून गेला" ही सगळ्या घराने सांगितलेली गोष्ट एका झडपेने खोटी पाडली.

वेळेसाठी पंचांग हाताशी ठेवा. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो: चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास. नदीत आत जावं तसा त्याला उशीर होतो. अष्टमीला भांग असतो, पाण्याला ओढ कमी, वजनदार वस्तू फार दूर जात नाही, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तुमच्या शोधकाला घड्याळ परवडत नाही, पण तिथी त्याला झोपेतही सांगता येते. एक काळजी घ्या: ताजं प्रेत पाण्यात बुडतं आणि आपल्या उष्ण पाण्यात साधारण दोन-तीन दिवसांनी फुगून वर येतं. पहाटे मारलेला माणूस सकाळी तरंगताना दाखवू नका. नव्या लेखकांच्या मसुद्यांत ही चूक मला सतत भेटते.

विष वापरायचं असेल तर साल आणखी महत्त्वाचं. सोमल (आर्सेनिक) ओळखण्याची मार्शची चाचणी 1836 ची. वनस्पतींचं विष प्रेतातून वेगळं काढता येतं हे 1850 च्या सुमारास बेल्जियममध्ये स्तास या रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा दाखवलं. त्याआधीच्या काळात कथा ठेवली तर काजऱ्याने (कुचल्याने) किंवा बचनागाने मेलेल्या माणसाबद्दल डॉक्टर केवळ लक्षणांवरून बोलू शकतो. 1891 मध्ये शास्त्र आहे, पण म्हापशाच्या डॉक्टरकडे ती सामग्री आहे का? नमुना पणजीला नेताना बरणी कोणाच्या हातात होती? सोमलाची उलटी-जुलाबाची लक्षणं पटकीसारखी दिसतात, आणि पटकीने माणसं मरत असताना एक मृत्यू त्यात सहज खपतो. काजरा गोव्याच्या रानात वाढतो; त्याच्या बियांनी झटके येतात, पाठ धनुष्यासारखी ताठते, माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. धोतऱ्याने बुबुळं मोठी होतात आणि माणूस बरळतो. लुटीसाठी वाटसरूंना तो खाऊ घालणारे होतेच.

आणि इथे घर ख्रिस्ती की हिंदू हा प्रश्न परत येतो. हिंदू माणसाला त्याच दिवशी अग्नी दिला जातो. विषाचा पुरावा चितेवर गेला. ख्रिस्ती माणूस चर्चच्या आवारात पुरला जातो, आणि सोमल केसांत, हाडांत टिकून राहतो. महिन्यांनी थडगं उघडण्याची परवानगी मागता येते. ती मागताना न्यायाधीश, पाद्री आणि घरचे यांच्यात जे होईल ते एक अख्खं प्रकरण आहे. काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला दिली जाते आणि जुनी हाडं हलवली जातात, हेही ध्यानात ठेवा. खुन्याला घाई करायला तेवढं पुरे.

साक्षीदार गोव्याच्या जगण्यातून काढा. रेंदेर पहाट-संध्याकाळ माडावर असतो. कुंपणापलीकडच्या अंगणात काय चाललं आहे ते त्याच्याइतकं कोणाला दिसत नाही. आणि त्याला खाली कोणी विचारत नाही. जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांचे तुकडे बसवलेले असत. त्यांतून उजेड झिरपतो, चेहरा ओळखू येत नाही. "बंद खिडकीतून मी त्याला स्पष्ट पाहिलं" असं सांगणारा खोटं बोलतो आहे, हे शोधकाला खिडकीजवळ उभं राहिल्याबरोबर कळेल, आणि वाचकाला त्याआधी दोन प्रकरणं खिडकीचं वर्णन वाचायला मिळालं असेल. वर्णन कुठे घालायचं याचं माझं उत्तर हेच: पुढे जे कामाला येणार आहे तेच वर्णन करा, आणि ते कामाला येण्याच्या बरंच आधी करा.

दोन गोष्टी मात्र टाळा. पहिली, इन्क्विझिशन. ते 1812 मध्ये कायमचं बंद झालं. तुमच्या पात्रांच्या पणजोबांच्या आठवणीत ते असू शकतं. आणि ते असतानाही खुनाचे खटले त्याच्यापुढे चालत नसत. त्याचा अधिकार धर्माच्या बाबतींत होता. अंधारकोठडीच्या मोहापायी काळाची गल्लत करू नका. दुसरी, कलावंतीण. प्रत्येक गोमंतकीय ऐतिहासिक कथेत एक देखणी कलावंतीण येते, भाटकाराचं गुपित तिला माहीत असतं आणि मध्यंतरापूर्वी ती मरते. कलावंतांच्या याच घरांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गायिका दिल्या. त्या घरातली बाई आणायची तर तिला रियाज द्या, देवळाशी असलेला तिचा हक्काचा आणि अपमानाचा गुंता द्या, पैशाचा हिशेब द्या. देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या महाजनांसाठी 1886 मध्ये सरकारी नियमावली आली. तेव्हापासून देवळांचे हिशेब वादाचे झाले. फोंड्यातल्या एखाद्या देवळाचं हिशेबबुक तिच्याकडे असणं हे तिच्या सौंदर्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

भाषेबद्दल थोडक्यात. कथन स्वच्छ मराठीत ठेवा. घरातलं बोलणं कोकणी वळणाचं असू द्या, पण प्रत्येक वाक्याला उच्चार बदलून लिहू नका, वाचक दमतो. भाटकार, मुंडकार, मानस, रेजिदोर, पोदेर (पाववाला) असे शब्द कामाच्या जागी येऊ द्या आणि समजावत बसू नका. पैसे रुपये-टांग्यांत मोजा: रुपयाचे सोळा टांगे. एस्कुदो 1950 च्या दशकाच्या शेवटी आला, तो तुमच्या भाटकाराच्या कनवटीला असू शकत नाही.

कागद कुठे बघायचे? पणजीच्या पुराभिलेख खात्यात आणि पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. सरकारी राजपत्र 1837 पासूनचं आहे. त्यातल्या नेमणुका, लिलाव, बेपत्ता माणसांच्या सूचना वाचा. सासष्टी तालुक्यातली दोन पोर्तुगीज वृत्तपत्रं, 1859 पासूनचं 'उ उल्त्रामार' आणि 1861 चं 'आ इंदिया पोर्तुगेझा', परस्परविरोधी पक्षांची होती. 1890 च्या सप्टेंबरचे दोन्हींचे अंक शेजारी ठेवून बघा: एकच गोळीबार दोघांनी किती वेगळा सांगितला आहे ते दिसेल. तुमच्या भाटकाराचा खूनही असाच दोनदा छापून येऊ द्या. पोर्तुगीज येत नसेल तर आधी गावकारीच्या आणि मोडी कागदांपासून सुरुवात करा. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दप्तरांवर जे काम केलं त्यामुळे वाट बरीच सोपी झाली आहे. इतिहास किती आणायचा, असं तुम्ही विचारलंत. खुन्याने जेवढा विचारात घेतला असेल तेवढा. तो करार, ती तिथी, ती इन्व्हेंटरी, ती हद्द त्याच्या मनात आहे. मडगावचा गोळीबार त्याने वापरला नसेल तर त्याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नका.

आता लिहिलेली प्रकरणं बाजूला ठेवा. भाटकाराच्या कुटुंबाची यादी करा, प्रत्येकाची जन्मतारीख लिहा, कोण 1891 च्या नोव्हेंबरात सज्ञान आहे आणि कोण नाही ते बघा. मग त्याची भाटं, आगर, रोखे आणि ते कोणाकडे गहाण आहेत ते लिहा. खुनी त्या यादीतच आहे. तुम्ही आधी ठरवलेला मोठा मुलगा तोच निघाला तर यादी पुन्हा तपासा.